सतरा काटे आणि पैठणचा कच्चा रस्ता

"गाडी नको," मी म्हटलं. "पाठीमागून टेम्पो येणार असेल तर सायकल कशाला चालवता? टेम्पोतच बसा की सरळ."

हे बोलणं झालं माझ्या दुकानात, मुकुंदवाडीला. समोर निखिल उभा होता. तो बिडकीनकडच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे आणि आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप तोच चालवतो. या खेपेला डांबर सोडून कच्च्या रस्त्यानं पैठण गाठायचं, तिथं मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी डांबरानं परत यायचं, असं त्याचं ठरलं होतं. वाटेत सायकली मोडणार म्हणून पुण्याहून एक मेकॅनिक टेम्पोसकट बोलवायचा त्याचा बेत होता.

"मेकॅनिक मी येते," मी म्हटलं. "सायकलवर. जो निघंल तो पोहोचंल, माझा शब्द."

वीस वर्षं झाली मला पंक्चर काढायला लागून. शाळा चौथीपर्यंत. हे लिहायचं तेही फोनमध्ये बोलते आणि मग बसून नीट करते. पण चाक फिरवलं की कोणती तार ढिली आहे ते मला आवाजावरून कळतं, त्यामुळं शब्द द्यायला मला भीती वाटत नाही. सायकल माझी जुनीच, लोखंडी, मीच जोडलेली. तिच्यावर डांबरानं सिल्लोडला दोनदा जाऊन आले होते. कच्च्या रस्त्यानं एवढं लांब कधी गेले नव्हते, पण ते निखिलला कशाला सांगायचं?

शनिवारी सकाळी सहाला पैठण रोडच्या चौकात जमलो. चौघंच. निखिल, दाताच्या डॉक्टर वैशालीताई, शेख सर आणि मी. जानेवारीची थंडी, बोटं हँडलला चिकटत होती. टपरीवर चहा घेतला. शेख सर म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले, सहासष्ट वर्षांचे, सडपातळ, कपड्याला एक डाग नाही. चहा पिता पिता ते फोन सारखा बघत होते.

"कोणाची वाट बघताय का?" मी विचारलं.

"नाही जी. इम्रानला लोकेशन चालू करून द्यायचंय. मुलगा माझा." त्यांनी फोन खिशात टाकला. "ठरलंय आमचं. मागच्या वर्षी मी सिल्लोड रोडला चक्कर येऊन पडलो, त्याला गाडी घेऊन यावं लागलं. आता पुन्हा एकदा जरी गाडी आणायला लागली तर सायकल विकायची. बात खतम."

"आणि तुम्ही हो म्हणालात?"

"काय करणार? तो रात्र रात्र झोपत नाही म्हणतो." मग हसले. "तुमचा शब्द आहे ना पण. जो निघेल तो पोहोचेल."

"हाय की," मी म्हटलं. "उठा, उशीर होतोय."

बिडकीनपर्यंत पंचवीसेक किलोमीटर डांबर. रस्त्याचं काम ठिकठिकाणी चालू आहे, बाजूला मुरूम टाकलेला. सकाळी लवकर निघालात तर ट्रक कमी लागतात. नऊनंतर निघालात तर नाकातोंडात धूळ जाईल, मला सांगू नका. बिडकीनच्या अलीकडं निखिलची चेन तुटली. नवीकोरी महागडी सायकल, चढावर जोर लावून गिअर बदलला आणि खट्. तो पार घाबरून माझ्याकडं बघायला लागला.

"जोडकडी आणली का?"

"कुठली?"

"काय इंजिनिअर रे तू." माझ्या डबीत होती. तुटलेली कडी काढली, जोडकडी घातली, दहा मिनिटांत निघालो. तुम्ही जाणार असाल तर आपल्या चेनच्या मापाची जोडकडी घ्या. ती खिशात नाणी ठेवतो तशी ठेवायची, वजन काही नाही तिचं. बिडकीनला पोहे खाल्ले, वर तर्री. पाण्याच्या बाटल्या इथंच भरून घ्या, पुढं दुकान लवकर लागत नाही.

बिडकीन सोडलं की गावागावांच्या शिवारातून गाडवाट जाते. ती उजवीकडं धरणाच्या पाण्याच्या बाजूनं फिरून पैठणकडं निघते. अंतर डांबरापेक्षा जास्त आहे, पण एकदा त्या वाटेला लागल्यावर मला डांबर आठवलंसुद्धा नाही. तूर काढून झालेली, कापसाची पऱ्हाटी उभी, मध्येच मोसंबीच्या बागा आणि लांब कुठं तरी पाण्याची पट्टी चमकतेय. जमीन काळी, वाळून दगडासारखी झालेली, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेल्या. चाकोरीत चाक गेलं की बाहेर काढायचा प्रयत्न करू नका, पडाल. वैशालीताई पडल्या. कोपर खरचटलं, उठल्या आणि म्हणाल्या, "पेशंटनी बघितलं नाही ना?" पेशंट तिथं एक बगळा होता.

अकराच्या सुमाराला वाट बंद. कोणी तरी आडव्या बोराट्या टाकल्या होत्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या. निखिलनं आणि मी त्या धरून फरफटत बाजूला ओढल्या आणि पुढं निघालो. तीस पावलंही झाली नसतील, वैशालीताईंचं पुढचं चाक बसलं. शेजारच्या हरभऱ्यातून एक बाई आली, विळा हातात.

"बोराट्या कोणी ओढल्या?"

"आम्ही," मी म्हटलं.

"फरफटत? डोकं हाय का? सगळ्या वाटंवर काटे सांडले की. त्या बेचक्याच्या काठीनं उचलून ठेवायच्या असत्यात." तिनं झाडाला टेकवलेली काठी दाखवली. "उसाचे ट्रॅक्टर माझ्या हरभऱ्यातून जात्यात म्हणून टाकल्या मी त्या. आता परत जाग्यावर कोण ठेवणार, मी?"

"आम्ही ठेवतो."

"ठेवा मंग."

ठेवल्या. ती कमरेवर हात देऊन बघत उभी राहिली. शेवटची फांदी जाग्यावर गेल्यावर म्हणाली, "बसा त्या लिंबाखाली. विहिरीचं पाणी गोड हाय." आणि हरभऱ्याचे डहाळे उपटून आमच्यापुढं टाकले. माझ्यासारखीच बाई. आम्हा दोघींचं एका मिनिटात जमलं.

वैशालीताईंच्या ट्यूबला तीन भोकं. जुनी ट्यूब काढून नवी टाकली आणि जुनी गुंडाळून पिशवीत ठेवली. मग भाकरी, पिठलं, ठेचा, वर ओला हरभरा. सर म्हणाले, "मी नमाज पढून येतो," आणि हातपाय धुवायला विहिरीकडं गेले. वैशालीताई तोंडावर टोपी घेऊन आडव्या झाल्या. निखिल रेंज शोधत बांधावर चढला.

मला रिकामं बसवत नाही. हात खाजवतात. सरांची सायकल लिंबाला टेकलेली होती, तिचे टायर बघितले तर काटेच काटे.

इथं थोडं सांगावं लागेल. सरांच्या टायरमध्ये ट्यूब नाही. आत पांढरं औषध असतं, दुधासारखं. काटा घुसला की ते औषध भोकात जाऊन घट्ट होतं आणि हवा अडते. टायर बसवताना सरांनी मला दुकानात सांगितलं होतं, "शकूताई, ह्यात काटा दिसला तरी काढायचा नाही. घरी पोहोचेपर्यंत राहू द्यायचा." मी काय म्हटलं असेल? "सर, वीस वर्षं काटेच काढतेय मी. मला शिकवता का?"

चिमटा काढला आणि बसले. पुढच्यातून सहा. मागच्यातून अकरा. भाकरीच्या कागदावर ओळीनं ठेवत गेले. बरं वाटत होतं. शेवटचा काढला, चिमटा थांबला, तेव्हा कुठं बारीक आवाजाकडं लक्ष गेलं, स्स्स. चाक फिरवलं, औषध भोकापर्यंत जाईल म्हणून. आत काही खळखळलंच नाही. औषध सुकून गेलं होतं, आणि इतका वेळ त्या भोकांना ते काटेच बूच लावून बसले होते. सतरा भोकं आणि मी. दोन्ही टायर माझ्या डोळ्यासमोर जमिनीला टेकले.

सर रुमालानं तोंड पुसत आले. चाकांकडं बघितलं. खाली बसून एक टायर अंगठ्यानं दाबला.

"अरे. गेले की. माझीच चूक आहे, शकूताई. औषध टाकून आठ महिने झाले. बदलायला पाहिजे होतं."

निखिल बांधावरून उतरत होता. "सर, मी बोललो होतो ना? आपल्याकडच्या उन्हात ते टिकत नाही."

"हो रे बाबा. बोलला होतास."

मी काटे गुंडाळलेला कागद खिशात घातला होता. आताच सांगायचं, आता सांगते, असं करत पंप हातात घेतला आणि कामाला लागले. काम चालू असलं की बोलायला लागत नाही.

सरांच्या पिशवीत औषधाची एक छोटी बाटली होती. ती सगळी पुढच्या चाकात ओतली, फिरवलं, आडवं केलं, परत फिरवलं. पुढचं धरलं. मागच्याला काही उरलं नाही. तिथं ट्यूबच घालायची. निखिलनं मोठ्या ऐटीत नवी ट्यूब काढली, तर तिचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड, आणि सरांच्या रिमचं भोक बारीक. "सायकलच्या दुकानातनंच घेतली," म्हणाला. मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. तुम्ही ट्यूब घेताना आपलं चाक सोबत न्या.

राहिली वैशालीताईंची जुनी, तीन भोकांची. तिचा व्हॉल्व्ह बरोबर बसत होता. ठिगळं माझ्याकडं भरपूर. सोल्युशनची ट्यूब उघडली तर निम्मी वाळलेली! घरून निघताना दाबून बघायचं सुचलं नाही, एवढी घाई. दोन ठिगळं नीट बसली. तिसऱ्याला सोल्युशनची ट्यूब पंपानं चपातीसारखी लाटली, तेव्हा कुठं थेंबभर निघालं. मग टायर आतून फडक्यानं पुसून घेतला, राहिलेली काट्याची टोकं काढली, मगच ट्यूब घातली. हे टोकांचं विसरलात तर नवी ट्यूबही जागेवर जाईल. हवा भरली, थांबले, कान लावला. तिसरं ठिगळ हळू हळू सोडत होतं. काढलं, खरवडलं, परत बसवलं. तरी तेच.

या सगळ्यात दोन तासांच्या वर गेले. आणि वाटेवर धूळ उडवत एक पांढरी कार आली. बोराट्यांपाशी थांबली. आतून पस्तिशीचा माणूस उतरला आणि फांद्यांना वळसा घालून जवळजवळ पळतच आला.

"अब्बा! कब से ठिपका एकीच जगह पे है. फोन लगता नहीं. मला काय काय वाटलं असेल?"

"मी बोलावलं नाही तुला," सर म्हणाले.

"बोलवाल कसे, रेंजच नाही." इम्राननं सरांना वरून खाली बघितलं, धडधाकट आहेत हे बघितलं, मग श्वास सोडला. मग सायकलकडं वळला. "काय झालं?"

"टायर गेले. औषध सुकलं होतं, मी बदललं नाही."

"म्हणजे तुमच्याच्यानं सांभाळलं जात नाही. हेच म्हणतो ना मी? अब्बा, ठरलं होतं आपलं. गाडी आली. चला, बसा."

निघायच्या तयारीनं सरांनी हेल्मेट घालून ठेवलं होतं. हनुवटीखाली हात नेला आणि हेल्मेटचा पट्टा सोडला. त्याचा खटका वाजला, तो अजून माझ्या कानात आहे. वैशालीताई दुसरीकडं बघायला लागल्या.

"सर, हेल्मेट काढू नका," मी म्हटलं.

खिशातला कागद काढला आणि सायकलच्या सीटवर उघडून धरला. "हे बघ बाबा. सतरा आहेत. हे मी काढले. तुझे वडील नमाज पढत होते, चाकं व्यवस्थित होती, काटे आत असते तर पैठणपर्यंत गेली असती. मला काढू नका म्हणून त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. सायकल त्यांनी नाही बिघडवली, मी बिघडवली."

निखिल म्हणाला, "ताई, तुम्ही दोन तास..."

"व्हय. दोन तास. तोंड उघडलं नाय माझं."

"आंटी, पण तुम्ही मेकॅनिक आहात ना?" इम्रान म्हणाला.

"आंटी म्हणू नको. आणि मेकॅनिक आहे म्हणूनच सांगते. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं."

सर कागदावर वाकले. बोटानं काटे मोजायला लागले, मुलांच्या वह्या तपासल्यासारखे. पूर्ण सतरा मोजले.

"दोन तास मी त्या औषधाला शिव्या घालतोय, शकूताई," ते हळू म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मला घाला."

"नंतर." त्यांनी पट्टा परत लावला. इम्रानकडं बघून म्हणाले, "गाडी मी मागवली नाही. सायकल माझ्यामुळं गेली नाही. बोल."

इम्राननं माझ्याकडं बघितलं, मग चाकाकडं. "हे चाक तरी जाईल का पैठणला?"

"हवा सोडतंय," मी म्हटलं. आता खोटं बोलायचं कारणच उरलं नव्हतं. "चार-चार किलोमीटरवर भरावी लागंल. पण जाईल."

"मी मागं मागं येणार."

"धूळ खाशील. पुढं जा, पैठणला चहा सांगून ठेव."

"मागंच येणार," तो म्हणाला. हट्टी आहे. सरांचाच मुलगा.

या वेळी बोराट्या काठीनं उचलल्या, गाडी पुढं घेतली, परत जाग्यावर ठेवल्या आणि निघालो, चार सायकली आणि मागं पहिल्या गिअरमध्ये रडतखडत एक कार. पहिल्यांदा हवा भरली मी. दुसऱ्यांदा निखिलनं भरली. इम्रान काच खाली करून बघत होता. तिसऱ्यांदा सर थांबले आणि मी पंप काढेपर्यंत तो गाडीतून उतरून आला होता. "द्या इकडं." पंप घेतला आणि असा जोरात हाणायला लागला की व्हॉल्व्ह वाकायला आला.

"मोडशील! एका हातानं चाक धर, अंगठा व्हॉल्व्हमागं ठेव. हां. आता सरळ दाब. घाई करू नको."

घाई करू नको हे मी म्हणत होते. वैशालीताई हसायला लागल्या.

चौथ्या वेळेला तर सायकल थांबायच्या आधीच त्याचं दार उघडलं होतं. सर पाणी पीत बाजूला उभे, आणि तो घामाघूम होऊन हवा भरतोय. "बघ, टाईट झालं का?" सर म्हणाले. इम्राननं अंगठ्यानं टायर दाबून बघितला. तोच अंगठा, तशीच दाबायची पद्धत.

साडेपाचला धरण दिसलं. पाण्यावर ऊन तिरकं पडलेलं, मासेमारांच्या होड्या परत येत होत्या. पैठणच्या गल्लीत शिरताना सर सगळ्यात पुढं होते, आम्हीच मागं राहिलो, न ठरवता. चहाच्या टपरीपाशी त्यांनी सायकल उभी केली आणि मगच उतरले. इम्रान आला. दोघांनी अर्धा कप अर्धा कप चहा घेतला.

"हिसाब बराबर?" सरांनी विचारलं.

"बराबर," इम्रान म्हणाला. "पण लोकेशन चालू ठेवायचं." आणि गाडी वळवून निघून गेला.

मुक्कामाला दोन खोल्या घेतल्या, साध्या, स्वच्छ, माणशी चारशेच्या आतच. गरम पाणी बादलीनं मिळतं, आधी सांगून ठेवा. जेवायला धरणाकडच्या खानावळीत गेलो. ताजे मासे, ज्वारीची भाकरी, रस्सा तिखटजाळ. पैठणला जाऊन मासे खाल्ले नाहीत तर गेलात कशाला? पैठणी बघायची असेल तर हातमाग दिवसा चालू असतात. आम्हाला वेळ नव्हता आणि घामेजल्या हातांनी रेशमाला हात लावायची माझी हिंमतही नव्हती. सर जेवताना माझ्याशी नीट बोलले, मीठ मागितलं, लिंबू दिलं. काट्यांचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

रविवारी सकाळी पैठणच्या एका सायकल दुकानातून सोल्युशन घेतलं, तिसरं ठिगळ नव्यानं बसवलं आणि डांबरानं निघालो. वारा पाठीमागून, वाटेत काही म्हणजे काही मोडलं नाही. दुपारच्या जेवणाला घरी. आमच्या मालकांनी दोन दिवस दुकान सांभाळलं होतं. "कसं झालं?" म्हणाले. "सगळे पोहोचले," मी म्हटलं.

खरं तेच होतं. शब्द पाळला गेला. पाय दुखले ते दोन दिवसांत गेले, तळहातांना पडलेले घट्टेही गेले. कच्च्या रस्त्याला मी परत जाणार, आणि आता बोराट्या दिसल्या की आधी काठी शोधणार. पण हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. माझ्या दुकानात येणारे बरेच जण हे वाचतात. सरांचे टायर का गेले याबद्दल बाहेर कोणाच्या तोंडून काही ऐकाल, तर खरं काय ते इथं माझ्याच तोंडून वाचा.

सर आठ दिवस दुकानात आले नाहीत. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. कोपऱ्यावर सायकल वळली की मी मान वर करून बघायची, आणि दुसराच कोणी निघायचा. नवव्या दिवशी सकाळी ते आले. सायकलवर, शर्ट नेहमीसारखा कडक इस्त्रीचा.

"मागच्यातली ट्यूब काढा, औषध भरा," म्हणाले आणि स्टुलावर बसले.

भरलं. चाक फिरवलं, आत छान खळखळ झाली. मग पुढच्या टायरला एक काटा दिसला, ताजा, हिरवट. माझा हात चिमट्याकडं गेला. सर बघत होते.

मी चिमटा खाली ठेवला. डबीतून खडू घेतला, काट्याभोवती पांढरा गोल केला आणि सायकल त्यांच्यापुढं उभी केली.

"शनिवारी कुठं जायचं?" त्यांनी विचारलं.